बायकांना सूज येतेच

मुकादमाच्या केबिनमधली खुर्ची भट्टीने उचलली, ओल्या चादरींच्या ढकलगाड्यांमधून वाट काढली आणि घडी घालायच्या टेबलापाशी नेऊन आदळली.

"बस," ती धाकट्या जावेला म्हणाली.

धाकटी बसेना. चादरीची दोन टोकं हातात धरून ती तशीच उभी राहिली. तिला सातवा सरत आला होता. पाय टम्म फुगले होते आणि चपलेचे पट्टे कातडीत रुतले होते. "नको ना ताई. ते बघतायत."

"बघू देत. डोळे कशाला दिलेत मग?"

मुकादम आलाच. "ही लाँड्री आहे, वेटिंग रूम नाही. बसायचं असेल तर घरी बसा."

"ही घरी बसली तर हॉटेलांच्या चादरींच्या घड्या कोण घालणार? तुमची मावशी?"

इस्त्रीच्या रोलरपलीकडच्या बायकांनी चादरींत तोंडं लपवली. हसताना दिसल्या असत्या तर उद्यापासून ड्रायरच्या तोंडाशी उभं राहावं लागलं असतं. मुकादमाने खुर्चीची पाठ धरली, भट्टीने पाय धरले, आणि लहान पोरं खेळणं ओढतात तशी दोघांनी थोडा वेळ ती खुर्ची ओढली. शेवटी खुर्ची केबिनमध्ये परत गेली. जाताजाता मुकादम बोलून गेला, "पोट तुम्ही आणायचं आणि खुर्ची आम्ही पुरवायची होय?"

भट्टीने ते ऐकून घेतलं, कारण त्याच वेळी रोलरमधून चादर येत होती आणि ती धरली नाही तर धाकटीलाच वाकावं लागलं असतं. पण दिवसभर तिच्या दातांखाली ते वाक्य खड्यासारखं कचकचत राहिलं.

लाँड्रीतल्या बायकांना वाटायचं, भट्टी हे नाव तिला वाफेच्या रोलरमुळे पडलं असेल. इतकी वर्षं ती रोलरवरच होती. दंडापर्यंत भाजल्याचे डाग, आवाज असा की ड्रायरच्या घरघरीतही दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. पण नाव लाँड्रीतलं नव्हतं. ते शेजारच्या एका काकूंनी दिलं होतं, आणि दिलं होतं तेव्हा भट्टी दवाखान्यातून नुकती घरी आली होती. रिकाम्या हाताने.

तेव्हा ती जेमतेम विशीची होती. पहिलंच पोट. आठव्या महिन्यात तोंड सुजलं, बोटांतली अंगठी निघेना, डोकं असं ठणकायला लागलं की उजेड सहन होईना. एका दुपारी मोरीत भांडी घासता घासता डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढचं तिला काही आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा ती दवाखान्यातल्या खाटेवर होती आणि पोट सपाट झालं होतं. आकडीत जीभ दातांखाली येऊन फाटली होती, त्यामुळे मूल कुठे आहे हे विचारताही येईना. तिने नुसता पोटावर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

"मुलगी होती," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला. मुलीचं सगळं आधीच उरकलं होतं. तिचा चेहरा भट्टीने पाहिलाच नाही.

घरी आल्यावर बायका भेटायला यायच्या आणि कारणं शोधून द्यायच्या. हिने जड उचललं असेल. उपाशी राहिली असेल. पालथी झोपली असेल. त्या काकू म्हणाल्या, "अहो, हिचा संताप बघा ना! पोट नव्हे ते, भट्टी आहे. भट्टीत पोर कसं जगेल?"

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिने राग गिळला. दूध उतू गेलं तरी गप्प, नळावर कोणी बादली पुढे सारली तरी गप्प. नवरा म्हणायचा, घरात मांजर आहे की बायको, कळतच नाही. चौथ्या महिन्यात तेही गेलं. त्यानंतर दिवस राहिले नाहीत, आणि तिने राग गिळायचं सोडून दिलं. ज्या नावाने लोक पाठीमागे हाक मारत होते तेच तिने लाँड्रीत पहिल्या दिवशी स्वतः सांगितलं. "मला भट्टी म्हणायचं," ती म्हणाली. पाठीमागे बोलायला कोणाला काही उरलंच नाही.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात दुसरी सून आली. भट्टी लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शाळेत होता. त्याच्या शर्टाची बटणं तिने शिवली होती. आता तो वायरमन झाला होता आणि बायकोसमोर थोडा तोऱ्यात वागायचा. दोन्ही जावांचं सुरुवातीला मुळीच जमलं नाही. एक शेगडी, एक नळ आणि दोघींची दोन तोंडं. धाकटी भांडायची नाही, रुसायची. आणि भट्टीला भांडण चालायचं पण रुसवा अजिबात चालायचा नाही. "तोंडाने बोल ना," ती ओरडायची, "मला काय मनकवडी समजलीस?" नंतर धाकटीही लाँड्रीत लागली, समोरासमोर उभं राहून एकाच चादरीची चार टोकं दोघींना धरावी लागली, आणि धरता धरता सूर जुळला. घडी घालताना दोघींनी एकाच वेळी पुढे यावं लागतं. रुसून घडी होत नाही.

धाकटीचे पाय सुजले तेव्हा घरात कोणाला काही वाटलं नाही. तोंड सुजलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बायकांना सूज येतेच. मला दोन्ही पोरांच्या वेळी आली होती."

खुर्चीच्या भांडणानंतर दुसऱ्याच दिवशी भट्टीने तिला वस्तीतल्या आरोग्य केंद्रात नेलं. नर्सने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा भरली. लघवी तपासली. मग चष्मा वर सरकवून स्पष्ट सांगितलं, "रक्तदाब वाढलाय. लघवीतून प्रथिनं जातायत. आजपासून उभ्याचं काम बंद. ही गोळी सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. तीन दिवसांनी परत दाखवायला या. आणि डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखलं, तर मला विचारायलासुद्धा थांबू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात."

भट्टी एकेक शब्द ऐकत होती. डोकं. अंधारी. सूज. नर्स जणू तिच्या त्या दुपारचंच वर्णन करत होती.

"हे असं कितीजणींना होतं?" तिने विचारलं.

"पुष्कळ जणींना. पहिलटकरणींना जास्त. म्हणून तर तपासायचं असतं." नर्सच्या दारात रांग होती. "पुढची!"

घरी येऊन भट्टीने सगळं सासूबाईंना आणि दिराला सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली, दीर बरं म्हणाला. उभ्याचं काम जमणार नाही म्हटल्यावर मुकादमाने धाकटीला कामावरून कमी केलं. निरोपसुद्धा भट्टीकडेच दिला. त्या दिवशी भट्टीने मुकादमाला जे काही ऐकवलं ते लाँड्रीतल्या बायका अजून एकमेकींना सांगतात, फक्त पोरांना बाहेर पाठवून.

तीन दिवस भट्टी कामावर आणि धाकटी घरी. भट्टीला वाटत होतं, ती पडून असेल, गोळ्या घेत असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी रोलर बिघडला, बायकांना लवकर सोडलं. भट्टी घरी आली तर धाकटी ओट्याशी उभी राहून रात्रीचं जेवण करत होती. तोंड इतकं सुजलं होतं की डोळे बारीक झाले होते.

"गोळी घेतलीस?"

धाकटीने पातेल्यात चमचा फिरवत ठेवला. खूप दिवसांनी ती पुन्हा रुसल्यासारखी गप्प झाली. भट्टीने फळीवरचा डबा उघडला. गोळ्यांचं पाकीट अख्खं होतं. एक गोळीसुद्धा निघालेली नव्हती.

"हे काय आहे?"

"ते म्हणाले, गोळ्यांनी पोर कमजोर होतं," धाकटी हळूच म्हणाली. "त्यांच्या कामावर कोणीतरी सांगितलं."

"कोणीतरी म्हणजे कोण? डॉक्टर आहे का तो?"

"नाही... रंगारी आहे."

"रंगारी!" भट्टीने पाकीट ओट्यावर आपटलं. "भिंतीचा पोपडा निघाला तर रंगाऱ्याला विचारायचं. पोटातल्या पोराचंही आता रंगारीच बघणार? आणि तुला कोणी उभं केलं इथे?"

सासूबाई आतल्या खोलीतून आल्या. गुडघ्यांवर हात टेकत, प्रत्येक पावलाला कण्हत. "काय आरडाओरडा चाललाय? मीच म्हटलं तिला, थोडी हालचाल कर. नुसतं लोळून पोर अडतं. आम्ही काय बाळंत झालो नाही का?"

"आई, नर्सने काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं होतं."

"नर्सांचं काय घेऊन बसलीस! त्यांचं कामच घाबरवायचं. तुझ्या वेळीसुद्धा ती नर्स हेच म्हणत होती, दवाखान्यात ठेवा, दवाखान्यात ठेवा—"

त्या थांबल्या.

धाकटीच्या हातातला चमचा पातेल्यात तसाच राहिला. शेगडीवर काहीतरी करपायला लागलं होतं. भट्टीने पुढे होऊन शेगडी बंद केली.

"काय म्हणालात?"

"जुनी गोष्ट आहे ती."

"माझ्या वेळी नर्सने काय सांगितलं होतं?"

सासूबाई भिंतीला टेकल्या. "तू तपासून बाहेर गेलीस तेव्हा तिने मला थांबवलं. म्हणाली, सूज बरी नाही, दाब वाढलाय, आजच भरती करा. मी म्हटलं, बायकांना सूज येतेच. घरात काम होतं. हा धाकटा तेव्हा तापाने फणफणला होता. म्हटलं, दोन दिवसांनी नेऊ." त्यांनी भट्टीकडे पाहिलं नाही. "मला काय माहीत होतं?"

भट्टीच्या संतापाची घराला सवय होती. तो आला की आवाज चढायचा, भांडी वाजायची, शेजारची खिडकी बंद व्हायची. या वेळी तसं काही झालं नाही. इतकी वर्षं. काकूंचं ते वाक्य, सासूबाईंची ती गप्प मान, दुसऱ्या खेपेला गिळलेला एकेक शब्द. या बाईला माहीत होतं. भट्टीत पोर कसं जगेल, असं चारचौघींत बोललं जात होतं तेव्हा हिला माहीत होतं, आणि ही तांदूळ निवडत बसली होती.

ती काही बोलणार इतक्यात धाकटी म्हणाली, "ताई, इथे दुखतंय," आणि उजव्या बरगडीखाली हात दाबला. "आणि डोकं... सकाळपासून."

भट्टीने तिच्या खांद्यावर शाल टाकली, पाकीट उचललं आणि तिला दाराबाहेर काढलं. सासूबाई मागून म्हणाल्या, "धाकट्याला तरी येऊ दे." भट्टी वळलीही नाही. समोरच्या रिक्षावाल्याला तिने हाक मारली ती अशी की त्याने गिऱ्हाईक खाली उतरवून रिक्षा वळवली.

मोठ्या दवाखान्यात कोणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. दंडाला पट्टा लागला मात्र, आणि दोन नर्स धावल्या. आकडी येऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, खोलीतला दिवा मंद केला. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण बोलल्या सरळ. "दाब थोडा खाली आणतो आणि बाळ बाहेर काढतो. अजून वाट पाहिली तर दोघांचाही जीव धोक्यात. बाळ लवकरचं आहे, लहान असेल. काचेच्या पेटीत ठेवावं लागेल."

दीर पोचला तो घामाने निथळत. सगळं ऐकून म्हणाला, "इतक्या लवकर? मी आईला विचारून येतो."

भट्टीने त्याची कॉलर धरली. ज्या शर्टाची बटणं तिने शिवली होती तसलाच शर्ट, तसलीच कॉलर. "आईला विचारणार? माझ्या वेळी आईनेच ठरवलं होतं. तुला माहितीय काय झालं ते? तू तापाने पडला होतास म्हणून मला भरती केलं नाही, ते मला आज कळलं. तू बरा झालास. माझी मुलगी पुरली." तिचा आवाज त्या लांबलचक व्हरांड्यात घुमला आणि बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "एक पाऊल बाहेर टाक, मग बघ."

"वहिनी, मी फक्त—"

"तू फक्त! सगळे फक्तच असतात. रंगारी फक्त बोलला, मुकादमाने फक्त कामावरून काढलं, आईने फक्त दोन दिवस थांबवलं."

डॉक्टरीणबाई मध्ये आल्या. "यांच्या सहीची गरजच नाही. पेशंट शुद्धीवर आहे, तिची ती सांगेल." आणि त्या आत गेल्या. धाकटीने डोळे किलकिले करून होकार दिला, सही केली, आणि भट्टीचा हात शोधला.

सिझर झालं. मुलगी झाली. दीड किलोचीही नाही, ओंजळीत मावेल एवढी, कातडी पातळ, सुरकुतलेली, पण रडली. मांजराच्या पिल्लासारखं रडली आणि भट्टी भिंतीला पाठ लावून खालीच बसली. धाकटीला नंतर एक आकडी आलीच. पण ती दवाखान्यात आली, मोरीत नाही. औषध हाताशी होतं. दुसऱ्या दिवशी ती डोळे उघडून म्हणाली, "ताई, शेगडी बंद केली होती ना?"

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा भट्टीने त्यांना दारात गाठलं. "एक विचारू का? बाई रागीट असली तर पोटातलं पोर मरतं का?"

डॉक्टरीणबाई निघाल्या होत्या, त्या थांबल्या. "कोण म्हणालं?"

"सगळेच."

"नाही. रागाने नाही, जड उचलल्याने नाही. बाळाला पोसते ती वार नीट रुजत नाही, मग आईचा दाब वाढतो, बाळाला पुरेसं रक्त मिळत नाही. पहिलं मूल, आधीपासूनचा दाब, साखर, वय, घरात कोणाला झालेलं असणं, यांनी धोका वाढतो. कधीकधी यातलं काही नसतानाही होतं. कोणाची चूक नसते त्यात." त्यांनी धाकटीच्या खाटेकडे बोट दाखवलं. "वेळेवर कळलं तर बहुतेक वेळा दोघं वाचतात. तुम्ही हिला वेळेवर आणलंत."

कोणी शाबासकी दिली की माणसाला बरं वाटतं. भट्टीला नाही वाटलं. वेळेवर कळलं तर. तिच्या वेळी वेळेवर कळलंच होतं. फक्त तिला कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नवरा डबा घेऊन आला. डब्याचं झाकण उघडत म्हणाला, "जेवून घे." तो माणूस वाईट नव्हता, त्याचा चांगुलपणा नेहमी असा डब्यातून यायचा, तोंडातून कधी नाही.

"तुला माहीत होतं?" भट्टीने विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती नवऱ्याला अरे-तुरे करत होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. "नर्सने भरती करायला सांगितलं होतं, हे तुला माहीत होतं?"

"नाही. शपथ."

"आईला विचारलं होतंस कधी? डॉक्टरांना विचारलं होतंस, काय झालं म्हणून?"

तो झाकणाशी चाळा करत राहिला. "नाही विचारलं."

"लोक मला भट्टी म्हणायचे तेव्हा कुठे होतास?"

"तूच म्हणवून घ्यायला लागलीस ना नंतर..."

तिने डबा त्याच्या हातातून काढून घेतला आणि बाकावर ठेवला. "मी म्हणवून घेतलं, कारण तू कोणाला गप्प केलं नाहीस." नवऱ्याने हातातलं झाकण डब्यावर लावलं. मग म्हणाला, "केस होते तिला. काळे. पुष्कळ." इतक्या वर्षांत त्या मुलीबद्दल तो पहिल्यांदाच काही बोलत होता. भट्टीला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. हे तिला तेव्हाच हवं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर तिने ते केस रोज आठवले असते.

बाळ महिनाभर काचेच्या पेटीत राहिलं आणि मग घरी आलं. अजून लहानखोर आहे. धाकटीचा दाब पूर्ण उतरला नाही, तिची गोळी चालू आहे, आणि पुढचं मूल हवं असेल तर पहिल्या महिन्यापासून दवाखान्यात यायचं, असं तिला बजावून ठेवलंय. गोळी द्यायचं काम दिराने स्वतःकडे घेतलंय. वहिनीच्या नजरेला नजर देताना तो अजून चाचरतो. भट्टीने त्याला तसंच चाचरू दिलंय.

एका सकाळी सासूबाई मोरीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना आंघोळीचं पाणी भट्टीच काढून द्यायची. बादली ठेवून ती वळली तेव्हा सासूबाईंनी तिचा हात धरला.

"माझं चुकलं गं. मला माफ कर."

भट्टीने हात सोडवून घेतला, पण झटकून नाही. "नाही, आई," ती म्हणाली. "ते मला जमणार नाही."

सासूबाईंचे डोळे भरले. "मग एवढं सगळं करतेस ते?"

"पाणी तुम्हाला लागतं म्हणून देते. माफी वेगळी." तिने बादलीत बोट घालून पाहिलं. "आणि त्या काकूंना बोलावून घ्या उद्या. त्यांच्यासमोर सांगायचं तुम्ही, नर्स काय म्हणाली होती ते. माझ्यासमोर नाही. त्यांच्यासमोर."

"आता? इतक्या वर्षांनी? लोक काय म्हणतील?"

"ते मी इतकी वर्षं ऐकलंय. आता तुम्ही ऐका."

सासूबाईंनी बादली जवळ ओढली. मग म्हणाल्या, "उद्या नको. परवा बोलावते."

"उद्या," भट्टी म्हणाली, आणि कामावर निघाली.